रस्सा तोच, मटण कमी

इचलकरंजीत कापडाला उठाव असला की रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोरची रांग लांबते आणि उठाव नसला की ती आखडते, हे मी लग्न होऊन या गावात आल्यापासून पाहत आले आहे. माझे पती एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात कारखान्याची एक पाळी बंद झाली, आठवड्याच्या पगाराला कात्री लागली आणि त्याच सुमारास मुलीचा फार्मसीचा प्रवेश कोल्हापूरला झाला. फी, एस. टी. चा पास आणि पुस्तके यांचा मेळ बसवताना घरखर्चाची वही पुढे घेतली, तेव्हा किराणा आणि गॅस वगळता स्वयंपाकघरातला सर्वांत मोठा आकडा मांसाचा असल्याचे दिसले. रविवारी एक किलो मटण, बुधवारी एक किलो चिकन आणि महिन्याला अंड्यांचा एक ट्रे, असा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. मटण किलोला सातशे रुपयांच्या आसपास आणि चिकन दोनशेवीसच्या घरात धरले, तरी महिन्याला जवळजवळ ३,९०० रुपये यावर जात होते.

आमच्या भागात मटण हा केवळ खाण्याचा पदार्थ नाही. २०१९ च्या अखेरीस मटणाचे दर वाढले, तेव्हा कोल्हापुरात नागरिकांनी त्याविरुद्ध आंदोलन उभारले होते आणि विक्रेत्यांबरोबर दरासाठी बैठका झडल्या होत्या. अशा मुलखात ‘आमच्याकडे आता मटण कमी करतो’ असे म्हणणे सोपे नसते. पाहुणा आला आणि ताटात तांबडा-पांढरा नसला, तर घरची परिस्थिती उघडी पडते, अशी भावना इथे खोल रुजलेली आहे. म्हणून मी घरात कोणतीही घोषणा न करता श्रावणाची वाट पाहिली. श्रावणात आमच्याकडे तसेही मांस शिजत नाही आणि गणपती उठेपर्यंत बहुतेक घरांत तोच नेम असतो. त्या काळात कोणी तक्रार करत नाही, कारण जिभेची तयारी आधीच झालेली असते. हा नेम संपला, तेव्हा पूर्वीच्या मापावर परत जायचे नाही, एवढेच मी ठरवले. ज्यांना मांस कमी करायचे आहे, त्यांनी ऐन आषाढात किंवा मार्गशीर्षाआधी सुरुवात करण्यापेक्षा श्रावणाचा हा आयता मिळालेला उतार वापरावा, असे मी मनापासून सुचवीन.

गणपती उठल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी अर्धा किलो मटण आणायला सांगितले आणि त्यातही हाडाचा भाग जास्त घ्यायला सांगितला. सासूबाई त्या दिवशी मला म्हणाल्या, “मटान कमी असलं तर असू दे, पर रस्सा पातळ करू नगंस.” त्यांच्या या एका वाक्याने मला पुढचा सगळा मार्ग दाखवला, कारण आमच्या घरात प्रत्येकाच्या ताटात फोडी दोन-तीनच पडत; खरे जेवण होत असे ते वाटीमागून वाटी घेतलेल्या रश्श्यात कुस्करलेल्या भाकरीचे आणि त्यानंतर भाताचे. लोकांना हवा असतो तो रस्सा, आणि रश्श्याची चव बहुतांशी वाटणात, चटणीत आणि कट, म्हणजे वरचा तेलाचा लाल तवंग, नीट सुटण्यात असते. हे ध्यानात आल्यावर मी आठवड्याच्या बेताची उभारणी वाटणाभोवती केली आणि आत काय घालायचे, ते त्या-त्या आठवड्याच्या पैशांवर सोडले.

वाटणाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण कडधान्याला ‘मटणाची चव’ येत नाही अशी जी तक्रार असते, तिचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते. कांदा चिरून तेलात परतण्यापेक्षा तो सालीसकट थेट गॅसच्या जाळावर, बाहेरून काळा होईपर्यंत भाजावा. सुके खोबरेही वाटीसकट जाळावर धरून मग किसावे किंवा काप करून तव्यावर लालसर करावे. तीळ, धणे, थोडी खसखस, लसणाच्या गड्ड्यातल्या चांगल्या डझनभर पाकळ्या, आले आणि कोथिंबिरीच्या काड्या हे सगळे पाटा किंवा मिक्सर जे असेल त्यावर लोण्यासारखे मऊ वाटावे. खसखस इतकी महाग आहे की मी ती पुढे बंद केली आणि तिच्या जागी पांढरे तीळ वाढवले. रस्सा दाट राहिला आणि चवीतला फरक घरात कोणालाही जाणवला नाही. सुके खोबरे महागले, तेव्हा निम्म्या खोबऱ्याच्या जागी भाजलेले शेंगदाणे घातले. कढईत तेल तापल्यावर वाटण घालून ते घाई न करता, कडेने तेल सुटेपर्यंत परतावे आणि उन्हाळ्यात केलेली कांदा-लसणाची चटणी जाळ बारीक करून मगच घालावी, नाहीतर ती करपते आणि रंग काळपट येतो. यानंतर नेहमी गरम पाणीच ओतावे. गार पाणी घातले की कट वर येत नाही, आणि आमच्याकडे कट नसलेल्या रश्श्याला रस्सा म्हणत नाहीत.

या वाटणात पहिल्यांदा मी अख्खा मसूर केला. आमच्या भागातल्या ढाब्यांवर तो मिळतोच, त्यामुळे त्याची सर्वांना ओळख होती. मसूर तीन-चार तास भिजवून उघड्या पातेल्यात शिजवला, तर दाणा अख्खा राहतो आणि आतून मेणासारखा मऊ होतो. कुकरमध्ये त्याचा लगदा होतो आणि मग ती आमटी वाटते. रविवारच्या जेवणाला आकार, चावायला काहीतरी आणि ताटात दिसायला काहीतरी लागते, म्हणून दाणा अख्खा राहणे मला महत्त्वाचे वाटते. दुसऱ्या एका रविवारी पाटवड्या केल्या. डाळीचे पीठ तिखट-मीठ, जिरे, लसूण आणि हळद घालून फोडणीच्या पाण्यात घट्ट शिजवायचे, ताटाला तेल लावून थापायचे, वरून खोबरे-कोथिंबीर भुरभुरायची आणि वड्या कापून त्या वाढतेवेळी रश्श्यात सोडायच्या. आधी सोडल्या तर त्या विरघळून रस्सा पिठाळ होतो. पाटवडी रस्सा ज्या दिवशी असतो, त्या दिवशी माझे पती मटणाची आठवणही काढत नाहीत, हे मी त्यांच्यासमोर बोलून दाखवलेले आहे आणि त्यांनी ते मान्य केलेले आहे.

माझे माहेर आंबोली घाटाच्या खाली, सावंतवाडीकडे आहे. तिकडे काळ्या वाटाण्याचे सांबार हा मानाचा पदार्थ आहे आणि शिवराकाच्या, म्हणजे शाकाहाराच्या, दिवशी आंबोळ्यांबरोबर किंवा वड्यांबरोबर तो असला की कोणाला काही कमी पडल्यासारखे वाटत नाही. वाटाणे रात्रभर भिजवून कुकरमध्ये चांगले मऊ करायचे, त्यातले मूठभर ठेचून पाण्यात मिसळायचे म्हणजे रस्सा आपोआप दाट होतो, आणि ओल्या खोबऱ्याचे भाजलेले वाटण लावायचे. घाटावरच्या माझ्या सासरी हा पदार्थ नवा होता, पण आता थंडीत तो महिन्यातून दोनदा तरी होतो. कुळथाची पिठीही मी माहेरूनच आणली. पाऊस लागला की संध्याकाळी पिठी, भात आणि भाजलेला बांगडा, असे आमचे लहानपणीचे जेवण असे. इथे बांगड्याच्या जागी कधी सुकट, कधी जवळा असतो. सुकी मासळी मूठभरच लागते आणि सबंध जेवणाला चव आणते, म्हणून मांसाहार कमी करणाऱ्या घराने ती टाकून देऊ नये. ती खारट असल्याने भाजून, गरम पाण्यातून दोनदा काढून घ्यावी आणि भाजीत वेगळे मीठ घालताना हात आखडता ठेवावा, विशेषतः घरात रक्तदाबाचे माणूस असेल तर.

सर्वांत कठीण प्रश्न मुलाचा होता. तो सतरा वर्षांचा आहे आणि रोज पहाटे तालमीत जातो. पैलवानाच्या खुराकात मटण नसले तर अंगात ताकद येत नाही, अशी त्याची आणि त्याच्या सोबत्यांची समजूत होती, आणि आई म्हणून माझ्या मनातही धाकधूक होती. मी सरकारी आहारतक्ते घेऊन बसले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ माणसाला रोज शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी सांगितली आहेत. कुस्ती करणाऱ्या वाढत्या मुलाला त्याहून बरीच जास्त हवीत, हे उघड आहे. मग मी तेव्हाच्या भावाने शंभर रुपयांत काय मिळते याचा हिशेब मांडला. मटणात हाडाचे वजन धरले, तर शंभर रुपयांत साधारण वीस ग्रॅम प्रथिने हाती येतात. चिकनमध्ये साठच्या आसपास आणि अंड्यांत नव्वदच्या आसपास येतात, कारण एका अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. मटकी, चवळी, मसूर यांच्यात शंभर ग्रॅमला बावीस ते चोवीस ग्रॅम असतात, म्हणजे किलोला १२० रुपयांच्या भावाने शंभर रुपयांत पावणेदोनशे ग्रॅमच्याही वर जातात. सोयाबीनच्या वड्यांत तर वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनेच असतात. हा तक्ता मी मुलाला दाखवला, तेव्हा त्याने तो स्वतःच्या वहीत उतरवून घेतला आणि तालमीत नेला.

वस्तादांनी त्याला जे सांगितले, ते माझ्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरले. भिजवलेले हरभरे, दूध आणि शेंगदाणे हा खुराक जुन्या पैलवानांचाही होता, रोज मटण खाणारे पैलवान थोडेच असत, असे ते म्हणाले. आता तालमीतून आल्यावर तो रात्री भिजवलेले मूठभर हरभरे गुळाबरोबर खातो, नंतर दोन अंडी आणि दूध घेतो. बदाम आम्हाला परवडत नाहीत, म्हणून थंडाईत मी भिजवून साल काढलेले शेंगदाणे आणि थोडी बडीशेप वाटून घालते. दुपारच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि उसळ असते. धान्यात जे अमिनो आम्ल कमी असते ते कडधान्यात भरपूर असते आणि कडधान्यात जे कमी असते ते धान्य पुरवते. भाकरी आणि उसळ एका ताटात वाढणाऱ्या आपल्या आज्यांनी हे कोणत्याही तक्त्याशिवाय साधले होते, याचे मला फार कौतुक वाटते. मुलाचे वजन घटलेले नाही आणि जोरबैठकांचा आकडाही खाली आलेला नाही.

मुलीच्या बाबतीत मात्र मी अधिक सावध राहिले. तिचे हिमोग्लोबिन कमी होते. मांसातले लोह शरीरात जितक्या सहज शोषले जाते, तितके पालेभाजीतले किंवा कडधान्यातले शोषले जात नाही, त्यामुळे मांस कमी करताना मुलींच्या आणि बायकांच्या ताटाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवे आणि पुरुषाला १९, हा फरक घरात क्वचितच कोणी ध्यानात घेतो. आमच्या डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या तिने पूर्ण केल्या, कारण नुसत्या जेवणावर ही कमतरता भरून निघण्याची वाट पाहणे योग्य नव्हते. जेवणात आम्ही तीन बदल केले. प्रत्येक उसळीवर लिंबू पिळायचे, जेवणानंतरचा चहा तासाभराने पुढे ढकलायचा आणि महिन्यातून दोनदा चिकनचे काळीज आणायचे. काळीज मटणाच्या मानाने अतिशय स्वस्त मिळते, त्यात लोह आणि बी-१२ दोन्ही असते आणि कांद्यावर परतून दहा मिनिटांत शिजते. बी-१२ हे जीवनसत्त्व डाळी-भाज्यांत जवळपास नसतेच, म्हणून दूध, ताक आणि अंडी यांना मी कात्री लावली नाही. मांस पूर्ण बंद करणाऱ्यांनी तर ही गोष्ट डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी.

सासूबाईंना हरभरा आणि वाल सोसत नाहीत, त्यांचे पोट फुगते. त्यांच्यासाठी मोड आलेले मूग आणि मसूर हाच उपाय ठरला. सगळ्याच कडधान्यांचे भिजवणीचे पाणी मी ओतून देते, फोडणीत हिंग आणि ओवा घालते, आणि सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच उसळ ठेवून हळूहळू वाढवली. एकदम रोज कडधान्ये सुरू केली की घरातले सगळेच पोटाच्या तक्रारी करू लागतात आणि दोष कडधान्यांना लागतो. मटकीला मोड आणायला उन्हाळ्यात एक रात्र पुरते. थंडीत ओल्या फडक्यात घट्ट बांधून पुरचुंडी गॅसच्या शेगडीजवळ झाकून ठेवावी लागते, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढे मोड दिसतात.

खर्चाचा हिशेब मी प्रामाणिकपणे मांडू इच्छिते, कारण ‘डाळ खा, पैसे वाचवा’ असे म्हणणारे बरेचदा अर्धेच गणित सांगतात. कडधान्ये फुकट मिळत नाहीत, वाटणाला खोबरे आणि तेल लागतेच, आणि न भिजवलेला हरभरा शिजवायला गॅस फार जातो. आमच्याकडे आता महिन्याला अर्धा किलो मटण दोनदा, अर्धा किलो चिकन दोनदा, अंड्यांचे दोन ट्रे, पूर्वीपेक्षा साधारण सहा किलो अधिक कडधान्ये, दोन किलो शेंगदाणे आणि एक किलो सोयाबीनच्या वड्या लागतात. या सगळ्याची बेरीज अडीच हजारांच्या जवळ जाते. म्हणजे निव्वळ बचत महिन्याला चौदाशेच्या आसपास होते, तीन हजार नव्हे. मात्र प्रथिनांचा हिशेब केला, तर कमी झालेल्या सहा किलो मांसातून जेवढी प्रथिने जात होती, त्याच्या दुपटीहून अधिक या वाढलेल्या कडधान्यांतून, दाण्यांतून आणि अंड्यांतून येतात. कडधान्यातली प्रथिने मांसाइतकी पूर्णपणे पचत नाहीत, हे धरूनही आमच्या घरात ती आज पूर्वीपेक्षा जास्त आहेत, आणि मला चौदाशे रुपयांइतकेच याचे मोल आहे.

सोयाबीनच्या वड्यांबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्या नुसत्या भिजवून रश्श्यात टाकल्या की त्यांना एक कच्चट वास येतो आणि मुले पहिल्याच घासाला नाक मुरडतात. मिठाच्या पाण्यात उकळून, दोनदा गार पाण्यातून धुऊन, हाताने अगदी कोरड्या पिळून, मग त्यांना आले-लसूण, दही आणि चटणी लावून अर्धा तास ठेवावे. त्यानंतर त्या मिक्सरमध्ये जाडसर फिरवल्या तर उत्तम खिमा होतो. मी अर्धा किलो मटणाच्या खिम्यात तेवढ्याच भिजलेल्या वड्या मिसळते. पाव आणि लिंबाबरोबर तो पाच माणसांना दोन वेळा पुरतो.

सणवार आणि पाहुणे यांच्या बाबतीत आम्ही हात आखडला नाही. आषाढातली जत्रा, धुळवड आणि खंडेनवमीनंतरचे जेवण पूर्वीसारखेच होते, त्या दिवशी किलोभर मटण येते, आळणी, म्हणजे मटण शिजवलेले बिनतिखटाचे पाणी, निघते, पांढरा रस्सा होतो आणि शेजारी डबाही जातो. या दिवसांचे मटण तोडले असते, तर घरातल्यांनी सगळाच बदल नाकारला असता, असे मला ठामपणे वाटते. एरवीच्या रविवारी पांढऱ्या रश्श्याची हौस झाली, तर मी हरभऱ्याच्या उकडीचे पाणी वापरते. त्यात ओल्या नारळाचे दूध, तिळाची गोळी, हिरवी मिरची आणि खडा मसाला घालून ते मंद जाळावर फक्त गरम करते, उकळी फुटू देत नाही, कारण उकळले की नारळाचे दूध फाटते. एकदा जाऊबाई अचानक जेवायला आल्या, तेव्हा हाच रस्सा त्यांनी दोन वाट्या घेतला आणि कृती लिहून नेली.

यंदा दिवाळीनंतर कारखान्याची दुसरी पाळी पुन्हा सुरू झाली. पहिल्या पूर्ण पगाराच्या आठवड्यात पतींनी दुकानाकडे निघताना पिशवी हातात घेऊन विचारले, “किलो आणू का आता?” आम्ही स्वयंपाकघरात उभ्या-उभ्याच बोललो. मुलाच्या कुस्त्या जवळ आल्या होत्या, त्याला रोज अर्धा लिटर दूध आणखी हवे होते आणि मुलीची दुसऱ्या सत्राची फी भरायची होती. सासूबाईंनी आतून विचारले की रविवारी पाटवड्या होणार आहेत की नाहीत. पतींनी अर्धा किलो मटण आणले, त्यात त्यांनी स्वतःहून नळ्या जास्त मागून घेतल्या, आणि वाचलेल्या पैशांत येताना म्हशीचे दूध आणि किलोभर मसूर घेऊन आले.